ईआरपीनेक्स्ट १३ जुन्या सर्व्हरवर आहे, बेंच वापरून १५ वर न्यायचंय. कुठून हात घालू?

ताका_आणि_टॅली

नमस्कार. इचलकरंजीत आमचा घरचाच यंत्रमागाचा कारखाना आहे. हिशेब मी बघते, आणि घरात कॉम्प्युटरला न घाबरणारी मी एकटीच, त्यामुळे सर्व्हरही माझ्याच गळ्यात पडलाय. टॅलीवरून ईआरपीनेक्स्टवर (हिशेबापासून चलनापर्यंत सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) आलो तेव्हा आवृत्ती १३ चालू होती. एका फ्रीलान्सर मुलाने सगळं बसवून दिलं आणि आमच्या पद्धतीने बदलही करून दिले. म्हणजे चलनावर ताके आणि मीटर वेगवेगळे दिसतात आणि विणणावळ पिकाच्या (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या) दराने आपोआप निघते. काम चोख होतं, पण आता तो परदेशात नोकरीला लागलाय. फोन उचलतो, पण कधी रात्री दोनला.

सर्व्हर उबुंटू १८.०४ वर आहे. उलाढाल ५ कोटींच्या वर गेल्यामुळे ई-इनव्हॉइस लागू झालंय आणि आमचे दिवाणजी प्रत्येक बिल आधी आमच्याकडे आणि मग पोर्टलवर, असं दोनदा टाइप करतात. नव्या आवृत्तीत हे आतूनच होतं म्हणे, म्हणून जायचंय.

मी टर्मिनलमध्ये "बेंच अपडेट" दिलं. त्याने सांगितलं की ईआरपीनेक्स्टमध्ये कमिट न केलेले बदल आहेत, पुढे जाता येत नाही. खाली काही पर्याय दिलेत, त्यात एक "बेंच अपडेट --रीसेट" आहे. यूट्यूबवर एक जण म्हणतो, बिनधास्त रीसेट द्या. मी अजून एंटर दाबलेलं नाही.

विचारायचं हे:
रीसेट दिलं तर नेमकं काय पुसलं जातं? १३ वरून थेट १५ वर जाता येतं का? आणि "गेट-अ‍ॅप" केल्यावर परत "इन्स्टॉल-अ‍ॅप" कशाला लागतं, एकदा आणलं की आणलं ना?

---

काळा_पडदा

ताई, रीसेट देऊ नका. तुमचा पिकाचा दर त्यातच जाईल.

(कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाकायच्या.)

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते कळलं की उरलेली दोन आपोआप सुटतात. बेंच हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं कमांड-लाइन टूल आहे. त्याच्या नावाचा धाक बाळगू नका. ते स्वतः फार थोडं करतं. गिट (कोडातल्या बदलांची नोंद ठेवणारं), पायथनचं पिप, नोड, मारियाडीबी (डेटाबेस), रेडिस, एनजिनेक्स (वेब सर्व्हर) आणि सुपरव्हायझर (प्रोग्राम सतत चालू ठेवणारं) यांना कोणत्या क्रमाने काय सांगायचं ते त्याला पाठ आहे, एवढंच. म्हणून कमांड पाठ करण्यापेक्षा बेंचच्या फोल्डरात काय कुठे असतं ते एकदा "एलएस" करून बघा.

"अ‍ॅप्स" मध्ये कोड असतो. फ्रॅपे (ईआरपीनेक्स्ट ज्या पायावर उभं आहे तो), ईआरपीनेक्स्ट, जे असेल ते, प्रत्येक एक स्वतंत्र गिट रिपॉझिटरी. "साइट्स" मध्ये तुमच्या साइटच्या नावाचं फोल्डर असतं आणि त्यात "साइट_कॉन्फिग.जेसन" नावाची लहानशी फाइल, अपलोड केलेल्या फायली आणि बॅकअप. खरा डेटा, म्हणजे बिलं, चलनं, खाती, या दोन्हींत नसतो. तो मारियाडीबीत असतो आणि त्या डेटाबेसचं नाव व पासवर्ड या जेसनमध्ये लिहिलेला असतो. "एन्व्ह" म्हणजे पायथनचं वेगळं वातावरण. "लॉग्ज" म्हणजे काही बिघडलं की आधी तिकडे जायचं.

आता बघा. "गेट-अ‍ॅप" कोड क्लोन करून "अ‍ॅप्स" मध्ये ठेवतं आणि त्याला लागणारी पायथन पॅकेजेस "एन्व्ह" मध्ये घालतं. डेटाबेसला ते हातही लावत नाही. "इन्स्टॉल-अ‍ॅप" त्या कोडवरून एका विशिष्ट साइटच्या डेटाबेसमध्ये टेबलं तयार करतं. एका बेंचवर चार साइट्स असू शकतात आणि चौघींना तीच अ‍ॅप्स लागतील असं नाही, म्हणून दोन पायऱ्या. तुमच्याकडे एकच साइट असली तरी हिशेब तोच.

मग रीसेट काय करतं? "अ‍ॅप्स" मधल्या रिपॉझिटरींना मूळ रूपात आणून ठेवतं. डेटा जात नाही, पण त्या मुलाने ईआरपीनेक्स्टच्या पायथन फायलींत हाताने जे काही लिहिलंय ते जातं, आणि कमिट केलेलं, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेलं, नसल्यामुळे परत मिळत नाही. बेंच अडून बसलं ते याचसाठी.

तेव्हा पहिलं काम:

सीडी अ‍ॅप्स/ईआरपीनेक्स्ट
गिट स्टेटस
गिट डिफ > ~/जुने-बदल.पॅच

फ्रॅपेच्या फोल्डरातही हेच करा. शिवाय काही बदल त्याने कमिट केलेले असू शकतात, ते डिफमध्ये दिसणार नाहीत. त्यासाठी "गिट लॉग अपस्ट्रीम/व्हर्जन-१३..हेड" बघा. बेंच मूळ रिमोटला ओरिजिन नाही, अपस्ट्रीम म्हणतं, त्यात पुष्कळ जण अडकतात. ती पॅच फाइल सर्व्हरवरून उतरवून घरच्या मशीनवर ठेवा.

ती उघडलीत की बहुतेक असं दिसेल: चलनावरचे ताक्यांचे रकाने "कस्टमाइझ फॉर्म" मधून केलेले असतील तर ते डेटाबेसमध्येच आहेत, बॅकअपबरोबर येतील, त्यांची चिंता नको. पिकाच्या दराचं गणित मात्र कुठल्यातरी पायथन फायलीत घुसवलेलं असणार. ते तसंच १५ च्या फायलीत चिकटवू नका. "बेंच न्यू-अ‍ॅप" देऊन स्वतःचं छोटं अ‍ॅप करा. ते चारपाच प्रश्न विचारतं आणि सांगाडा तयार करून देतं. त्यात "हुक्स.पीवाय" नावाची फाइल असते. तिथे "डॉक_इव्हेंट्स" मध्ये लिहायचं, की डिलिव्हरी नोट व्हॅलिडेट होताना माझं अमुक फंक्शन चालव. गणित तुमच्या अ‍ॅपमध्ये राहतं, ईआरपीनेक्स्टचा कोड कोरा राहतो आणि पुढचं प्रत्येक "बेंच अपडेट" न कुरकुरता चालतं. त्या मुलाला रात्री दोनला फोन करायचाच असेल तर याच कामासाठी करा, हे त्याला तासाभराचं आहे.

आता १३ ते १५. थेट उडी मारू नका, मध्ये १४ घ्या. कारण १४ मध्ये, म्हणजे २०२२ साली, ईआरपीनेक्स्टमधून दोन मोठे तुकडे बाहेर काढले गेले. पगार-हजेरीचा भाग "एचआरएमएस" या वेगळ्या अ‍ॅपमध्ये गेला, आणि जीएसटी, ई-वे बिल, ई-इनव्हॉइस हे सगळं "इंडिया कम्प्लायन्स" मध्ये. ही अ‍ॅप्स न आणता गेलात तर १५ वर पोचाल, पण जीएसटी मागेच राहील, आणि तुमचा तर सगळा खटाटोपच त्यासाठी आहे.

मी असं करतो. नवा सर्व्हर, उबुंटू २२.०४. त्याच्याबरोबर पायथन ३.१० आणि मारियाडीबी १०.६ येतं, १४ आणि १५ दोन्हींना चालतं. नोड मात्र एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) घाला, १८ घ्या. १३ चा बेंच नव्या सर्व्हरवर उभारायच्या फंदात पडू नका, जुन्या पॅकेजेसशी झगडण्यात आठवडा जाईल. सरळ १४ चा बेंच करा:

बेंच इनिट बेंच-१४ --फ्रॅपे-ब्रांच व्हर्जन-१४

मग त्यात ईआरपीनेक्स्ट, पेमेंट्स, एचआरएमएस आणि इंडिया कम्प्लायन्स चारही गेट-अ‍ॅप करा, प्रत्येकाला "--ब्रांच व्हर्जन-१४" लावून. ब्रांच लावायची विसरलात तर डेव्हलप शाखा येईल आणि पुढच्या चुका वाचून वेड लागेल.

जुन्या सर्व्हरवर:

बेंच --साइट तुमचं-नाव बॅकअप --विथ-फाइल्स

"साइट्स/तुमचं-नाव/प्रायव्हेट/बॅकअप्स" मध्ये चार फायली पडतील: डेटाबेस, सार्वजनिक फायली, खाजगी फायली आणि साइट कॉन्फिगची प्रत. लोक पहिल्या तीन उचलतात आणि चौथी तिथेच सोडतात. तिच्यात "एन्क्रिप्शन_की" असते. ईमेल खात्यांचे पासवर्ड, जीएसटीची लॉगिनं, जे जे पासवर्डच्या रकान्यात भरलंय ते या किल्लीने बंद केलेलं असतं. नव्या साइटची किल्ली वेगळी असते, मग बिलं सगळी दिसतात पण मेल पाठवताना "एन्क्रिप्शन की इज इनव्हॅलिड" येतं आणि माणूस मेल सर्व्हरला शिव्या घालत बसतो. जुनी किल्ली नव्या साइट_कॉन्फिगमध्ये चिकटवा, बस.

नव्या बेंचवर त्याच नावाने "बेंच न्यू-साइट" करा, मग "रिस्टोअर" ला डेटाबेसची फाइल द्या आणि "--विथ-पब्लिक-फाइल्स", "--विथ-प्रायव्हेट-फाइल्स" ने उरलेल्या दोन.

इथे थांबा. मायग्रेट (डेटाबेस नव्या आवृत्तीला जुळवून घेणं) करायच्या आधी हे दोन:

बेंच --साइट तुमचं-नाव सेट-कॉन्फिग म्यूट_ईमेल्स १
बेंच --साइट तुमचं-नाव डिसेबल-शेड्युलर

तुमच्या हातात आता खऱ्या ग्राहकांच्या खऱ्या पत्त्यांची जिवंत प्रत आहे. शेड्युलर (ठरल्या वेळी आपोआप कामं करणारा भाग) चालू राहिला तर ती आपलं काम इमानेइतबारे करते. एका कारखान्याच्या चाचणीच्या साइटवरून थकबाकीची आठवण व्यापाऱ्यांना गेली होती, त्यातल्या निम्म्यांनी पैसे कधीच दिलेले होते. पुढचे फोन मालकांनी घेतले.

मग "मायग्रेट". यात पॅचेस (डेटाबेस बदलणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट, मघाची पॅच फाइल नव्हे) एकामागून एक चालतात आणि झालेला प्रत्येक पॅच डेटाबेसमध्ये नोंदला जातो. मध्येच एखादा फुटला तर घाबरू नका. कारण दुरुस्त करून पुन्हा मायग्रेट दिलं की झालेले सोडून तिथूनच पुढे चालतं. नवी अ‍ॅप्स साइटवर कधी इन्स्टॉल करायची तो क्रम त्यांच्या रीडमीत दिलेला असतो, तो वाचून घ्या.

१४ वर सगळं जुळलं, ताळेबंद जुन्याशी पैशापर्यंत जमला, की मगच १५. त्यासाठी "स्विच-टू-ब्रांच" आहे, पण मी ती वापरत नाही. शेजारी "बेंच-१५" असा दुसरा बेंच करतो आणि १४ च्या साइटचा बॅकअप तिथे रिस्टोअर करतो. डिस्क थोडी जास्त जाते, पण काही फिसकटलं तर आधीचा बेंच तसाच्या तसा उभा असतो. पोर्टचीही मारामारी होत नाही, दुसरा बेंच ८००० सोडून ८००१ आपोआप घेतो.

आणि प्रत्येक कमांडला "--साइट" लिहायची सवय ठेवा. डिफॉल्टच्या भरवशावर राहू नका.

---

फुकट_सल्ला

इतकं सगळं एका हिशेबनीसाने का करायचं, हा माझा साधा प्रश्न आहे. फ्रॅपे क्लाउड (फ्रॅपेचीच तयार होस्टिंग सेवा) घ्या, महिन्याचे पैसे भरा, झोपा. नाहीतर डॉकर, सगळं तयार डब्यात बांधून मिळतं. २०२० नंतर कोण हाताने सुपरव्हायझर बसवतं?

---

काळा_पडदा

क्लाउड वाईट नाही. अपडेट-बॅकअपची डोकेदुखी जाते. पण तिथेही स्वतःचा कोड न्यायचा तर तो अ‍ॅपच्या रूपात, गिट रिपॉझिटरीतूनच न्यावा लागतो. म्हणजे ताईंचं मूळ काम, मूळ कोडमधले बदल उचलून स्वतःच्या अ‍ॅपमध्ये टाकणं, ते कुठेही गेलं तरी आहेच. ते झाल्यावर क्लाउड की स्वतःचा सर्व्हर हे खुशाल ठरवावं.

डॉकर मला आवडतं. पण ज्याला अजून "साइट्स" फोल्डर म्हणजे काय ते नवीन आहे त्याला आधी डॉकरचे व्हॉल्यूम (डेटा ठेवायची जागा) समजावत बसायचं म्हणजे दोन परीक्षा एकदम.

---

ताका_आणि_टॅली

काळा पडदा दादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. डिफमध्ये तीन फायली निघाल्या. पिकाचा दर त्यांतल्या एकीत होता, बाकी दोनमध्ये त्याने नुसत्या छापायच्या ओळी घालून ठेवलेल्या. त्यालाच फोन केला, त्याने अ‍ॅप करून गिटवर टाकलं आणि मला "गेट-अ‍ॅप" ची ओळ पाठवली. १४ वर मायग्रेट एकदा फुटलं (आमच्या एका कस्टम रकान्याचं नाव नव्या आवृत्तीतल्या रकान्याशी जुळत होतं), नाव बदलून परत दिलं तर खरंच तिथूनच पुढे गेलं. ताळेबंद जमला. आता १५ वर आहे.

दोन अडचणी आहेत. "बेंच स्टार्ट" ने सगळं छान दिसतं. पण "सुडो बेंच सेटअप प्रॉडक्शन" केल्यापासून लॉगिनचं पान असं येतं, जसं १९९५ सालचं आहे. रंग नाही, चौकटी नाहीत, नुसती अक्षरं. "बेंच बिल्ड" दोनदा केलं, फरक नाही.

दुसरं, चलनाची पीडीएफ काढली की मराठी मजकुराच्या जागी चौकोन येतात. पडद्यावर मराठी नीट दिसतं. जुन्या सर्व्हरवर पीडीएफही नीट यायची.

---

निपाणीकर

दोन्ही ओळखीचे आजार आहेत, मी सांगतो.

पहिल्यात बिल्डचा संबंध नाही. "बेंच स्टार्ट" मध्ये सगळं तुमच्याच युजरच्या नावाने चालतं, त्यामुळे फायली वाचायला अडचण नसते. प्रॉडक्शनमध्ये रंगरूपाच्या फायली एनजिनेक्स थेट देतं, आणि ते "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा" या वेगळ्या युजरच्या नावाने चालतं. उबुंटूने २१.०४ पासून होम फोल्डर दुसऱ्यांसाठी बंद केलंय, परवानगी ७५०. तुमच्या १८.०४ वर ते ७५५ होतं म्हणून हा प्रश्न कधी आलाच नाही. एनजिनेक्सला दारातूनच परत पाठवलं जातंय. एवढंच करा:

सीएचमॉड ओ+एक्स /होम/तुमचा-युजर

पान ताजं करा. खात्री करायची असेल तर आधी एनजिनेक्सचा एरर लॉग बघा, "परमिशन डिनाइड" च्या ओळी भरभरून दिसतील. पुष्कळ जण वैतागून ७७७ देतात. ते करू नका, त्याच फोल्डरात तुमचे डेटाबेसचे पासवर्ड आहेत.

दुसरं म्हणजे फॉन्ट. पडद्यावर मराठी दिसतं कारण तिथे फॉन्ट तुमच्या लॅपटॉपचा असतो. पीडीएफ सर्व्हरवर तयार होते, डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ या प्रोग्रामने, आणि नव्या कोऱ्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नसतो. एपीटीने "फॉन्ट्स-लोहित-देवा" किंवा "फॉन्ट्स-नोटो" घाला, "एफसी-कॅश -एफ" द्या आणि पीडीएफ पुन्हा काढा. चौकोन गेले पण पानाच्या वरचं कारखान्याचं नाव प्रत्येक पानावर येत नाहीये असं झालं, तर उबुंटूच्या एपीटीतून आलेला डब्ल्यूके चालत नाही, "पॅच्ड क्यूटी" वाला वेगळा उतरवून घालावा लागतो. तो प्रकल्प २०२३ पासून अर्काइव्हमध्ये आहे, पण जुनं पॅकेज अजून मिळतं.

---

ताका_आणि_टॅली

रंग आले!! एका ओळीसाठी मी दोन संध्याकाळी बिल्ड करत बसले होते. लोहितही घातला, चलन मराठीत छापून दिवाणजींच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा वर करून "ताके" हा शब्द आधी बघितला आणि मग बाकीचं.

आता शेवटचं. खऱ्या कामाला हा सर्व्हर कधी चालू करू, आणि जुन्याचं काय करू? मालक म्हणजे आमचे सासरे म्हणतात, जुना आजच बंद करा, त्याचं भाडं चालू आहे.

---

काळा_पडदा

वेळ निवडताना जीएसटीचं कॅलेंडर समोर ठेवा. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी. म्हणजे २१ नंतरचा एखादा सुट्टीचा दिवस. महिनाअखेर नको, तेव्हा मजुरीचे हिशेब असतात.

त्या दिवशी जुन्यावर "सेट-मेंटेनन्स-मोड ऑन" द्या, म्हणजे कुणी नवं चलन टाकणार नाही. ताजा बॅकअप घ्या आणि १३ ते १४ ते १५ ही वाट पुन्हा चाला. दोन्ही बेंच तयार आहेत, आता हे फक्त रिस्टोअर आणि मायग्रेट आहे, दुपारपर्यंत उरकेल. रिस्टोअर करताना आधीच्या चाचणीचा डेटा पुसला जाईल, तो पुसायचाच आहे. मग डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवा, "सुडो बेंच सेटअप लेट्स-एन्क्रिप्ट तुमचं-नाव" ने प्रमाणपत्र घ्या. डीएनएस वळल्याशिवाय ते मिळणार नाही, त्यामुळे क्रम हाच.

सगळ्यात शेवटी म्यूट_ईमेल्स पुन्हा ० करा आणि "एनेबल-शेड्युलर" द्या. "बेंच डॉक्टर" चालवून वर्कर (मागे मेल वगैरे कामं करणारे प्रोग्राम) जिवंत आहेत का बघा. हे राहिलं तर चारपाच दिवसांनी "मेल का जात नाहीत" म्हणून इथेच नवा प्रश्न येईल.

सासऱ्यांना सांगा, एक जीएसटी रिटर्न नव्यावरून सुखरूप भरलं जाईपर्यंत जुन्याचं भाडं भरायचं. पण जुन्याचा शेड्युलर मात्र त्याच दिवशी बंद करा. मेंटेनन्स मोडवर विसंबून राहू नका, "डिसेबल-शेड्युलर" तिथेही टाका. नाहीतर दोन सर्व्हर एकाच व्यापाऱ्याला एकाच बिलाची दोन वेळा आठवण करतील.